सावरीचा बुळबुळीत पुरावा

डीएनए काढण्यासाठी सावरीचं कोवळं पान द्रव नायट्रोजन ओतून खलात घोटलं की क्षणात त्याची हिरवी पूड होते. इथवर सगळं सरळ. कटकट सुरू होते ती पूड ६५ अंशांवरच्या सीटॅब द्रावणात घातल्यावर. नळीत बुळबुळीत गोळा जमतो, पिपेटचं टोक तुंबतं, वर उचललं की तार सुटते. मीठ वाढवा, क्लोरोफॉर्मने पुन्हा धुवा, नळी गरगर फिरवा. एवढं करून वरचा निवळ थर आयसोप्रोपॅनॉलमध्ये सोडला, की कधी डीएनएचा पांढरा तंतू दिसतो, कधी तपकिरी गाळ. गाळ आला की नवं पान घ्यायचं.

भेंडी, जास्वंद, धामण, कांडोळ, सगळ्यांचं हेच रडगाणं. गंमत अशी की हा चिकटा हीच या मंडळींची वडिलोपार्जित खूण.

एकोणिसाव्या शतकात बेंथम आणि हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी सावरीला भेंडीच्या कुळातच, मालव्हेसीत ठेवलं होतं. दोघींच्या परागकोशाला एकच कप्पा. पुढच्यांनी तिला बॉम्बेकेसी हे वेगळं बिऱ्हाड थाटून दिलं. दोन कप्प्यांची कांडोळ स्टर्क्युलिएसीत, धामण आणि ताग टिलिएसीत.

१९९९ मध्ये हरितलवकातल्या जनुकांवरचे अभ्यास प्रसिद्ध झाले. त्यांतल्या आरबीसीएल या जनुकाची अक्षरं साधारण चौदाशे. वेगवेगळ्या झाडांतल्या या अक्षरांच्या ओळी एकाखाली एक लावायच्या आणि कोणता बदल कोणाकोणात सामाईक आहे ते बघायचं. स्टर्क्युलिएसी आणि टिलिएसी ही कुळं म्हणून टिकलीच नाहीत. त्यांचे सदस्य वंशवृक्षभर विखुरले. सावर भेंडीशेजारी परतली आणि चारही कुळं एका मालव्हेसीत आली.

मला यातला आवडता भाग भिंगाखालचा आहे. भेंडीचं फूल उलगडून निदलपुंजाच्या आतल्या बाजूला तळाशी पाहा: दाट, बारीक ग्रंथिल केसांचा पट्टा दिसेल. मध तिथून पाझरतो. सावरीच्या जाड, मांसल निदलपुंजातही तेच. परागकोशाचे कप्पे मोजण्याच्या नादात या केसांना फारसं वजन मिळालं नव्हतं.

मोठ्या मालव्हेसीत आता नऊ उपकुळं मानतात. भेंडी आणि सावर यांची उपकुळं सख्खी, हे पक्कं. बाकीच्यांत, म्हणजे मुचकुंद, मुरुडशेंग, कांडोळ यांच्या गोतात, कोणाची फांदी आधी फुटली हे एक-दोन जनुकांवरून ठरेना. म्हणून हल्ली शेकडो जनुकं एकदम वाचतात, आणि त्यासाठी डीएनए आणखी स्वच्छ लागतो.