हलके हँडल, जड जबाबदारी

दूधवाल्याची सायकल आठवून पाहा. दोन्ही बाजूंना किटल्या, मागे कॅरिअरवर पोते, आणि पुढे निकेलचा मुलामा दिलेले लोखंडी हँडल. ते गंजायचे, वाकडे व्हायचे. पण मोडायचे नाही. वाकडे झालेच, तर पुढचे चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरायचे, हँडलला एक हिसका द्यायचा आणि टांग मारून पुढे निघायचे. एवढीच काय ती दुरुस्ती!

आता घरातल्या मुलाची सायकल ‘रोड बाइक’ झाली आहे. टायर बोटभर रुंदीचे, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले. सायकल घेऊन वर्ष होत नाही, तोच जेवताना विषय निघतो, ‘‘बाबा, हँडल कार्बनचे टाकायचे आहे.’’ किंमत विचारली तर चांगल्या कंपनीचे पंधरा हजारांच्या पुढे. आई म्हणते, ‘‘अरे, एवढ्यात अख्खी सायकल येते!’’ दोघांचेही आपापल्या जागी बरोबर असते. म्हणूनच या हँडलात खरोखर काय मिळते आणि त्यापायी काय सांभाळावे लागते, हे एकदा नीट समजून घेतलेले बरे.

हरणी ते हालोल

त्यासाठी थोडे बडोद्याला जाऊ. सयाजीराव महाराजांचे बडोदे मराठी माणसाला परके नाही. तिथे १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले आणि हाताने काम करणाऱ्यांना शास्त्र शिकवण्याची परंपरा पडली. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि राजरत्न माणिकराव यांच्यामुळे व्यायामाची परंपराही तिथल्या मराठी घरांत मुरलेली आहे. या शहराच्या ईशान्येला हरणी आहे. भीडभंजन हनुमानाच्या मंदिरासाठी आणि विमानतळासाठी हा भाग ओळखला जातो. हरणीजवळच्या गोल्डन चौकडीवरून हालोलचा रस्ता फुटतो. सुमारे ३२ किलोमीटरचा हा पथकर रस्ता २००० मध्ये खुला झाला. बराचसा सपाट आणि सरळ, शेवटी समोर पावागडचा डोंगर. रोड बाइकवाल्याला आणखी काय हवे?

याच रस्त्यावर आसोजचा परिसर लागतो. तिथल्या केमरॉक या कंपनीने २०१० मध्ये कार्बन फायबरचा कारखाना सुरू केला. व्यापारी प्रमाणावर हा तंतू बनवणारा तो देशातला पहिला कारखाना मानला जातो. तंत्र होते बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचे, म्हणजे ‘तेजस’ विमानाच्या कार्बनच्या भागांवर जिने काम केले तिचेच. पुढे कंपनी कर्जात अडकली आणि २०१७ मध्ये तिची मालमत्ता रिलायन्सकडे गेली. ज्या वस्तूसाठी मुले परदेशी नावे घोकतात, तिचा कच्चा माल हरणीहून सायकलवर गाठता येईल इतक्या अंतरावर तयार झाला होता, हे अनेकांना ठाऊक नसते.

स्वेटरच्या लोकरीचे नातलग

कार्बन फायबर म्हणजे एखादा दुर्मीळ धातू नव्हे. आपल्या आया-आज्या ज्या ऍक्रिलिक लोकरीचे स्वेटर विणत आल्या, तिचे हे सख्खे नातलग. (ऍक्रिलिकचे धागेही बडोद्याला आयपीसीएलमध्ये बनत असत.) त्याच जातीचा खास बनवलेला धागा आधी हवेत दोनशे ते तीनशे अंश सेल्सिअसला भाजतात. मग हवा काढून टाकून, नायट्रोजनमध्ये, हजार अंशांच्या वर तापवतात. प्राणवायूच नसल्याने धागा जळून राख होत नाही. इतर द्रव्ये उडून जातात आणि जवळपास निव्वळ कार्बन उरतो. कोळशाच्या भट्टीत लाकडाचे होते, तसाच काहीसा प्रकार. ऍक्रिलिकपासून कार्बनचा तंतू काढण्याची वाट जपानच्या अकिओ शिंदो यांनी १९६० च्या सुमारास दाखवली.

हा तंतू साधारण सात मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या दहाव्या हिश्शाइतका. तो एकटा काही कामाचा नाही. त्याच्या पट्ट्या इपॉक्सी नावाच्या राळेत भिजवून, एकीवर एक वेगवेगळ्या दिशांनी साच्यात लावतात आणि उष्णता व दाब देऊन पक्क्या करतात. तंतू ज्या दिशेने धावतो, त्या दिशेने ओढला तर पोलादाला हार जात नाही. आडव्या दिशेने मात्र सारी भिस्त राळेवर. कार्बनच्या हँडलाचे सगळे गुण आणि सगळे अवगुण या एकाच गोष्टीतून येतात.

शंभर ग्रॅमचे गणित

ऍल्युमिनियमचे बरे हँडल अडीचशे ते सव्वातीनशे ग्रॅम भरते. कार्बनचे साधारण दोनशेच्या आसपास. म्हणजे बचत झाली शंभर ग्रॅमची. पाण्याच्या बाटलीतले चार-पाच घोट!

आता हिशेब करू. स्वार, सायकल, पाणी मिळून ८० किलो धरले, तर शंभर ग्रॅम म्हणजे आठशेवा हिस्सा. तासभर सतत चढ चढला, तर वेळ वाचेल चार-पाच सेकंद. हालोलच्या सपाट रस्त्यावर तेवढाही नाही. तिथे ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने जाताना बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. वाऱ्याला हँडलच्या वजनाशी देणेघेणे नसते. स्वार किती वाकून बसला आहे, याच्याशी असते. मोठ्या शर्यतींत सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही, असा आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेचा नियम २००० पासून आहे. तिथे ग्रॅम-ग्रॅमला मोल येते. रविवारी सकाळी पावागडला जाऊन नाश्ता करून येणाऱ्याने तेवढा जीव टाकण्याचे कारण नाही.

हाताला आराम किती?

मग लोक हे हँडल घेतात कशासाठी? खरे उत्तर आहे आराम. खडबडीत रस्त्यावर चाकातून येणारी बारीक थरथर कार्बन काही प्रमाणात जिरवतो आणि ती तळहातापर्यंत कमी पोहोचते. दोन-तीन तास सलग चालवणाऱ्याची करंगळी व तिच्याजवळचे बोट बधिर होते. तळहाताच्या कडेने जाणारी नस दबल्याचे ते लक्षण. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने अमेरिका आडवी पार करण्याची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. एवढ्या लांब पल्ल्यात पायांइतकीच परीक्षा हात, मान आणि पाठीची होते.

तरीही बधिरपणावरचा पहिला इलाज कार्बन नव्हे. आधी बसण्याची ठेवण तपासावी. सीट पुढे झुकलेली असेल, हँडल फार लांब किंवा फार खाली असेल, तर सगळा भार हातांवर येतो. हँडलची रुंदी खांद्यांच्या हाडांमधल्या अंतराइतकी असावी. चाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस सेंटिमीटर अशी मापे मिळतात. टायर २३ मिलिमीटरचा असेल, तर २५ किंवा २८ चा बसतो का ते पाहावे आणि हवा थोडी कमी ठेवावी. आपल्या रस्त्यांवर याचा फरक कुठल्याही हँडलपेक्षा जास्त जाणवतो. मग जाड टेप आणि बरे हातमोजे घ्यावेत. हे सगळे मिळून कार्बनच्या हँडलच्या निम्म्या पैशांतही होऊ शकते. एवढे करूनही हात कुरकुरत असतील आणि खिसा परवानगी देत असेल, तरच कार्बनकडे वळावे.

वाकत नाही, तुटते

लोखंड आधी वाकून माणसाला सावध करते. ऍल्युमिनियमही बऱ्याचदा वाकते किंवा त्यावर चीर दिसते. कार्बनचा स्वभाव निराळा. तो सोसत राहतो आणि मर्यादा ओलांडली की एकदम तुटतो. वरचा रंग आणि चकाकी शाबूत असताना आतले थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. हातात तुटलेले हँडल आणि मागून येणारा ट्रक, हे चित्र कुठल्याच आई-बापाला नको असते.

नामांकित माल आणि तरबेज मेकॅनिक असूनही असे घडते. मार्च २०२१ मध्ये बेल्जियममधील ‘ल सामें’ शर्यतीत मातियू व्हान डर पूल या अव्वल खेळाडूच्या कार्बनच्या हँडलची एक बाजू धावत्या सायकलवर तुटली. तो तोल सांभाळून पुढे गेला. कंपनीने मात्र त्यानंतर त्या मॉडेलच्या ग्राहकांना सायकल तूर्त चालवू नका, असे कळवले. दोष फक्त कार्बनला देऊनही चालणार नाही. २००६ च्या पॅरिस-रूबे शर्यतीत अमेरिकेच्या जॉर्ज हिंकापीच्या सायकलची हँडल धरणारी दांडी तुटली, तो पडला आणि खांद्याला मार लागला. ती दांडी ऍल्युमिनियमची होती आणि त्याच शर्यतीत आधी तो एकदा पडलेला होता. धडा असा, की मार खाल्लेला भाग कुठल्याही पदार्थाचा असो, त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

पाच न्यूटन-मीटर

कार्बनचे हँडल निकामी होण्याचे एक मोठे कारण रस्ता नसून पाना असतो. आपल्याकडचा मिस्त्री हाताच्या अंदाजाने बोल्ट आवळतो आणि वर ‘अजून एक पाव फेरा’ देतो. लोखंडाला ते चालते. कार्बनची नळी मात्र आडव्या दाबाने चिरडते, कारण त्या दिशेने तंतू मदतीला नसतो. म्हणून ‘टॉर्क रेंच’ नावाचा मोजून आवळणारा पाना हवा. पुष्कळ हँडलांना पाच न्यूटन-मीटरच्या आसपास आवळण्याची मर्यादा असते. नेमका आकडा हँडलवर आणि ते धरणाऱ्या स्टेमवर छापलेला असतो. दोन्हींत जो कमी, तो पाळावा. पाच न्यूटन-मीटर म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला जेमतेम पाच किलोचा भार. मनगटाला तो कळतही नाही.

हरणीच्या विमानतळाच्या परिसरात ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटा आणि एअरबस यांच्या सी-२९५ विमानांच्या जुळणीचा कारखाना सुरू झाला. विमानाच्या कामात कितीही मुरलेला कारागीर असला, तरी महत्त्वाचा बोल्ट मोजूनच आवळतो. आपल्या मुलाचा जीव त्याच पदार्थावर सोपवताना तेवढी शिस्त पाळायला काय हरकत आहे?

बसवताना आणखी काही पथ्ये पाळावीत. नव्या हँडलचा मधला भाग बहुधा ३१.८ मिलिमीटर जाडीचा असतो. जुन्या सायकलींचे स्टेम २६ किंवा २५.४ चे असते. पत्रा घालून जुळवाजुळव करू नये, स्टेमही बदलावे. स्टेमच्या आतल्या कडा बोटाने चाचपाव्यात. धारदार असतील तर ते वापरू नये. पकड घसरू नये म्हणून कार्बनसाठीची खरखरीत पेस्ट मिळते, ती लावावी. ग्रीस लावू नये. चार बोल्ट आलटूनपालटून, थोडे थोडे आवळावेत. ब्रेकच्या पकडीही मोजूनच आवळाव्यात.

घामाकडेही लक्ष हवे. घामातल्या मिठाच्या पाण्यात कार्बन आणि ऍल्युमिनियम एकमेकांना टेकले, की ऍल्युमिनियम झिजू लागते. कोकणपट्टी आणि गोव्याच्या दमट हवेत हे अधिक घडते. वर्षातून एकदा तरी टेप सोडवून आतला भाग पुसून, पाहून घ्यावा.

स्वस्तातले महागात

दुकानात पंधरा हजारांचे दिसणारे हँडल मोबाइलवर दोन-तीन हजारांत दिसते. नाव तेच, रंग तोच. आत पट्ट्या किती, कोणत्या दिशेने लावल्या आणि राळ कोणती, हे बाहेरून ओळखण्याची सोय नाही. नावाजलेल्या कंपनीचे नाव आणि चौथाई किंमत एकत्र दिसली, की हात आखडावा. जुने, वापरलेले कार्बनचे हँडल तर घेऊच नये. ते किती वेळा पडले, हे विकणारा सांगत नाही आणि हँडलही सांगत नाही.

सायकल जोरात पडली असेल, तर हँडल दिसायला चांगले असले तरी बदलावे. खरचटून तंतू दिसत असतील, दाबल्यावर करकर आवाज येत असेल, नाण्याने टिचकी मारल्यावर एखाद्या ठिकाणी आवाज बद्द येत असेल, तर त्यावर बसून घरीही येऊ नये. अशी टिचकी नुकसान सांगू शकते. हँडल धडधाकट असल्याची हमी मात्र देऊ शकत नाही.

तेव्हा घरात हा विषय निघाला, तर एकदम ‘नाही’ म्हणू नये आणि एकदम पैसेही काढून देऊ नयेत. आधी सीट-हँडलची ठेवण, मग टायर, मग टेप, असा क्रम लावून द्यावा. हँडल घ्यायचेच ठरले, तर त्याच पावतीवर टॉर्क रेंचही घ्यावा आणि हँडल ज्याचे, बोल्ट मोजण्याचे कामही त्याचेच, असे ठरवून टाकावे. आणि सायकल पडली तर न घाबरता घरी सांगायचे, एवढे वचन मुलाकडून घ्यावे. रागाच्या भीतीने लपवलेली पडझड हा या हँडलचा सर्वांत मोठा शत्रू आहे.