बिलगावचे पंधरा किलोवॅट

पडत्या पाण्यातून किती वीज मिळेल, हे काढायला मुख्यतः दोन गोष्टी लागतात: दर सेकंदाला पडणारं पाणी आणि त्याची उंची. सेकंदाला हजार लिटर पाणी दहा मीटरवरून पडलं तर ९८ किलोवॅट. त्यातून यंत्रात वाया जाणारा भाग वजा करायचा. नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यातल्या बिलगावला उदई नदीच्या धबधब्यावर हे गणित आदिवासींनी खरं करून दाखवलं. केरळचे तंत्रज्ञ अनिलकुमार आणि मधू, नर्मदा बचाओ आंदोलन, ‘एड’ या संस्थेची मदत आणि गावाचं श्रमदान. बंधारा, पाट, टाकी, खाली टर्बाइन. वीज काढून झाली की पाणी पुन्हा नदीत. जानेवारी २००३ मध्ये पाड्यांवर दिवे लागले. क्षमता १५ किलोवॅट. एवढ्यावर शहरात फार तर दहा एसी चालतील.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाची भिंत इथून दूर, गुजरातेत केवडियाला. पण जलाशय भरला की त्याला मिळणाऱ्या उदईसारख्या नद्यांचा वेग मंदावतो, पाणी मागे चढतं आणि पुरात जलाशयाच्या पातळीच्याही वर जातं. हा फुगवटा. २००६ साली भिंत ११०.६४ वरून १२१.९२ मीटरवर नेली गेली. त्याच वर्षी बिलगावचा प्रकल्प पाण्याखाली गेला.

सरदार सरोवराची क्षमता १४५० मेगावॅट. महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के, आणि अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली ३३ गावं बुडीत क्षेत्रात. मार्च २०१९ मध्ये केंद्राने २५ मेगावॅटहून मोठे जलविद्युत प्रकल्पही अक्षय ऊर्जेत धरले. आता बुडवणारी वीज आणि बुडालेली वीज एकाच रकान्यात बसतात. कोळसा थांबलाच पाहिजे, यात मला शंका नाही. पण बुडालेलं जंगल ऑक्सिजनविना कुजतं तेव्हा मिथेन सुटतो, आणि गेलेली शेतं तर कार्बनच्या कुठल्याच हिशेबात येत नाहीत. स्वच्छ विजेचं धोरण नुसते मेगावॅट मोजत राहिलं, तर सौर आणि पवन प्रकल्पांच्या जमिनींबाबतही हेच घडेल.

बिलगावच्या पद्धतीत पाणी साठवलेलं नसतं, त्यामुळे उन्हाळ्यात वीज घटते, हे खरं. पण नदी आटते तेव्हाच ऊन सर्वांत कडक असतं, म्हणून या विजेला सौर पॅनेलची जोड चांगली बसते. सातपुड्यातल्या अशा उतारांची मोजणी सरकारने ग्रामसभांना सोबत घेऊन करावी, आणि पहिली जोडणी तिथल्याच पाड्यांना द्यावी.