फोटोतलं आकाश नेमकं कुठलं?

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीतून रात्री काढलेल्या फोटोत नुसते ठिपके दिसतात. तरी 'अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेट' हे सॉफ्टवेअर त्यावरून आकाशातली जागा अचूक सांगतं. ते चार-चार ताऱ्यांचे चौकोन पाडतं. फोटो फिरवा, लहान-मोठा करा, चौकोनाची ठेवण बदलत नाही. अंगठ्याचा ठसा जुळवावा तशी ती तारकासूचीतल्या चौकोनांशी जुळवली जाते. एखादा चौकोन योगायोगानंही जुळेल, ही शंका रास्तच. म्हणून ही जागा खरी असेल तर बाकीचे तारे कुठे दिसायला हवेत, हे काढून सॉफ्टवेअर ते फोटोत पडताळतं. खरी करामत या उलटतपासणीतच आहे. मगच प्रत्येक ठिपक्याला विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशातला पत्ता, मिळतो. ताऱ्यांच्या जागा मोजण्याची विद्या पाटणादेवीच्या परिसरात जुनीच: भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं इथल्याच पाटण्याला मठ काढला, ते सांगणारा शिलालेख १२०७ सालचा आहे.