भीमाची काठी आणि अशोकाचा लेख

फिरोजशहा कोटला हे नाव मराठी माणसाला बहुधा क्रिकेटच्या मैदानामुळे ठाऊक असते. त्या मैदानाशेजारीच एका जुन्या किल्ल्याचे भग्नावशेष आहेत. त्यांतील पायऱ्यांसारख्या चढत गेलेल्या तीनमजली इमारतीच्या माथ्यावर एक दगडी स्तंभ उभा आहे. इमारत चौदाव्या शतकातली. स्तंभ मात्र तिच्याहून सुमारे सोळाशे वर्षांनी जुना.

वालुकाश्माच्या एकाच शिळेतून घडविलेला हा स्तंभ सुमारे १३ मीटर लांब असून त्याचे वजन अदमासे २७ टन भरते. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने त्यावर आपले धर्मलेख कोरविले. तेव्हा तो दिल्लीत नव्हता. आजच्या हरियाणातील टोपरा गावी होता. पुढे ब्राह्मी लिपी वाचणारे उरले नाहीत आणि लेख मुका झाला. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना लोकांनी जशी पांडवलेणी म्हटले, तशीच या स्तंभाला भीमाची काठी ठरविले.

सुलतान फिरोजशहा तुघलक (१३५१ ते १३८८) याने तो दिल्लीस आणण्याचे ठरविले. त्या वेळी बारा वर्षांचा असलेल्या शम्स सिराज अफीफने या खटाटोपाचे वर्णन पुढे लिहून ठेवले. स्तंभाभोवती सावरीच्या कापसाचा ढीग रचण्यात आला. बुडाची माती काढताच स्तंभ त्या मऊ शय्येवर अलगद कलला. मग त्याला बोरू आणि कच्ची कातडी गुंडाळून बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढविण्यात आले. हजारो माणसांनी दोर ओढून गाडा यमुनेपर्यंत नेला. तेथून मोठमोठ्या नावांवरून स्तंभ दिल्लीस आला. इमारतीचा एकेक टप्पा बांधून होई, तसतसा तो वर चढविण्यात येई. शेवटी रहाटांना दोर बांधून, खाली लाकडे व कापसाच्या गोण्यांचा टेकू देत, इंचाइंचाने त्याला उभे केले.

एवढे करूनही त्यावर काय लिहिले आहे, हे सुलतानाला कळले नाही. अक्षरे बोलू लागली ती १८३७ मध्ये. कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने सांचीच्या लहान लहान लेखांच्या अखेरीस वारंवार येणारी अक्षरे ‘दानं’ अशी ओळखली, आणि त्या किल्लीने दिल्लीचा लेखही उलगडला.

या स्तंभावरील सातवा लेख अन्य कोणत्याही अशोकस्तंभावर आढळत नाही. रस्त्यांच्या कडेला लावलेले वड, आमराया, खोदलेल्या विहिरी यांचा उल्लेख करून अशोक अखेरीस आज्ञा देतो, की जेथे शिलास्तंभ किंवा शिलाफलक असतील तेथे हा धर्मलेख कोरावा, म्हणजे तो चिरकाल टिकेल. वाटेत स्तंभ दुभंगला असता, तर ही आज्ञा तिच्या मूळ शब्दांत कदाचित कोणाच्याच हाती लागली नसती. ती टिकविली दगडाने, आणि ज्यांना तिचे एक अक्षरही वाचता येत नव्हते अशा हजारो हातांनी.