उष्टावण आणि दाण्याचें कूट

आमच्या चौक-कर्जत भागांत मूल सहा महिन्यांचें झालें म्हणजे त्यास मामाच्या मांडीवर बसवून उष्टावण करितात. खिरीचा पहिला घास हौसेनें भरविला जातो. पण पुढें दाण्याचें कूट, तीळ, अंडें, जवळा हे पदार्थ केव्हां द्यावे याविषयीं घरोघरीं भीति असते. ती कोठें योग्य व कोठें अनाठायीं, हें पालकांनीं समजून घेतलें पाहिजे.

कांहीं मुलांचें शरीर निरुपद्रवी अन्नालाच शत्रु समजून त्याजवर चालून जातें. यालाच अन्नाची अॅलर्जी म्हणतात. असा विकार होण्याचा संभव असलेल्या मुलांस तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊं नये, असें अमेरिकेंतील बालवैद्यांच्या संस्थेनें २००० सालीं सांगितलें होतें. २००८ सालीं तो सल्ला मागें घेण्यांत आला. पुढें लंडन येथें डॉ. गिडिअन लॅक यांनीं चार ते अकरा महिन्यांचीं ६४० मुलें निवडलीं. त्यांस तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी होती. निम्म्यांस शेंगदाणा नियमानें दिला, निम्म्यांस वर्ज्य केला. २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पांचव्या वर्षीं वर्ज्य करणाऱ्यांत शेंकडा सुमारें १७ मुलांस शेंगदाण्याची अॅलर्जी आढळली, खाणाऱ्यांत अवघ्या ३ मुलांस! मात्र एक गोष्ट विसरूं नये. त्वचेच्या चांचणींत ज्यांस शेंगदाण्याची मोठी गांधी उठली, त्यांना या प्रयोगांत घेतलेंच नव्हतें.

म्हणून निकोप मुलास हे पदार्थ उगाच लांबवूं नयेत. दाणे भाजून, अगदीं बारीक वाटून, पेजेंत पातळ करून द्यावे. अख्खा दाणा श्वासनलिकेंत अडकतो, तो लहान मुलास देऊंच नये. अंडें पूर्ण उकडलेलें असावें. पहिल्या दिवशीं चमच्याच्या टोकावर मावेल एवढेंच, तेंही सकाळीं, आणि मग दोन तास लक्ष ठेवावें. एका वेळीं एकच नवा पदार्थ. सोसला तर आठवड्यांतून दोन-तीनदां चालू ठेवावा. उपवासाच्या खिचडीसाठीं कूट घरांत असतेंच, तेव्हां खर्चाचा प्रश्न नाहीं.

परंतु ज्या मुलास तीव्र इसब आहे, त्याच्याकरितां आधीं डॉक्टरांस विचारावें. आणि ज्यास एखाद्या पदार्थानें एकदां त्रास झाला आहे, त्याजवर ‘बघूं या आतां सोसतें का’ असा प्रयोग घरीं कदापि करूं नये. कांहीं मुलांस केकमध्यें भाजलेलें अंडें चालतें हें खरें, पण तें कोणास चालेल हें डॉक्टरांनींच ठरवावयाचें असतें.

अंगावर पित्त उठलें कीं आपल्याकडे आमसुलाचें पाणी लावितात. त्यानें खाज शमत असेल. पण ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली, वारंवार उलटी झाली किंवा मूल गळून गेलें, तर आमसुलाचा शोध करीत बसूं नये. अशा वेळीं मांडीच्या बाहेरील बाजूस दिलेलें अॅड्रिनॅलिनचें इंजेक्शन हाच उपाय. मुलास निजवून ठेवावें, चालवूं नये. धाप असेल तर बसूं द्यावें, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

विद्यार्थिमित्रांसही एक विनंति. संक्रांतीच्या तिळगुळांत तीळ असतात, बहुधा दाणेही असतात; लोणावळ्याहून आलेल्या चिक्कींतही तेच. एखाद्या सोबत्यानें ‘मला हें चालत नाहीं’ म्हटलें, तर ‘एकच तुकडा घे’ असा आग्रह धरूं नये. त्याला तो एक तुकडाही भारी पडूं शकतो.