मोझेस ग्रँडीचा कालवा

दर वर्षी चक्रीवादळांचा हंगाम सरत आला की अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बोटी थंडी चुकवत दक्षिणेकडे निघतात. आईबाप, मुलं, कधी एखादा कुत्रा, असा सगळा संसार बोटीवर असतो. व्हर्जिनियातल्या नॉरफोकला शून्य मैल धरायचा. तिथून मायामीपर्यंत जवळपास ११०० मैल. नद्या, खाड्या, कालवे एकमेकांना जोडत गेलेली ही वाट उघड्या अटलांटिकला बगल देते. वाटेतल्या बहुतेक स्थिर पुलांखाली ६५ फुटांची मोकळीक मिळते. डोलकाठी त्याहून उंच असेल, तर समुद्रातूनच जावं लागतं. या जलमार्गाचे नकाशे वाचण्याचं मला कित्येक वर्षांचं वेड आहे. पण त्यामागचा इतिहास शोधू लागलो आणि अगदी सुरुवातीच्या एका कालव्यापाशीच अडकलो.

नॉरफोकच्या दक्षिणेला वाट दुभंगते. एक फाटा १८५९ साली खुल्या झालेल्या रुंद, खोल कालव्याने जातो. दुसरा ‘ग्रेट डिस्मल स्वॅम्प’ या प्रचंड दलदलीच्या कडेने. २२ मैलांचा हा अरुंद कालवा खोदायला १७९३ साली सुरुवात झाली आणि १८०५ साली तो वाहतुकीला खुला झाला. दोन्ही टोकांना पाण्याची पातळी वर-खाली करणाऱ्या लॉकचे दरवाजे, मध्ये झाडांच्या सालीपानांनी कोऱ्या चहासारखं झालेलं पाणी. आजही हौशी कुटुंबं मुद्दाम याच वाटेने जातात. हा कालवा गुलामांनी खोदला. मालक त्यांना भाड्याने देत. कंबरभर, कधी त्याहून खोल चिखलपाण्यात उभं राहून ते मुळं तोडत. हे आपल्याला कळतं ते मोझेस ग्रँडीमुळे.

मोझेस हा गुलाम याच कालव्यावर मालवाहू नावा चालवायचा. लोक त्याला कॅप्टन ग्रँडी म्हणत. भाड्यातला निम्मा वाटा नावांच्या मालकाचा. उरलेल्या निम्म्यात खलाशी आणि त्यांचं जेवणखाण भागवून जे राहील, ते त्याचं. १८१२ च्या युद्धात इंग्रजी आरमाराने चेसापीक उपसागराची नाकेबंदी केली, तेव्हा माल कालव्याने जाऊ लागला आणि त्याच्या गाठीला पैसा आला. त्यातून स्वतःच्या सुटकेसाठी त्याने आपल्या मालकाला ६०० डॉलर चुकते केले. हा मालक जेम्स ग्रँडी त्याचा लहानपणचा खेळगडी. त्याने पावत्या फाडल्या आणि मोझेसला दुसऱ्याला विकलं. दुसऱ्यालाही मोझेसने ६०० डॉलर दिले, तरी सुटका नाही. तिसऱ्या वेळी एडवर्ड मिनर या कॅप्टनने ६५० डॉलरना त्याला विकत घेतलं. ते पैसे फेडून तो मुक्त झाला. एका माणसाने स्वतःच्याच देहासाठी १,८५० डॉलर मोजले.

पण मला अस्वस्थ करतो तो त्याआधीचा प्रसंग. लग्नाला जेमतेम आठ महिने झाले होते. तो नावेवर असताना काठच्या रस्त्याने विकलेल्या गुलामांचा तांडा आला आणि त्यातून बायकोने त्याला हाक मारली. तिच्या मालकाने तिला विकलं होतं. पिस्तूलधारी व्यापाऱ्याने दोघांना लांबूनच बोलू दिलं. ती त्याला पुन्हा कधीच दिसली नाही.

पुढे दुसऱ्या बायकोला ३०० आणि एका मुलाला ४५० डॉलर देऊन त्याने सोडवलं. त्याला लिहिता येत नव्हतं. १८४२ साली तो लंडनला गेला, गुलामीविरोधी कार्यकर्ते जॉर्ज थॉम्पसन यांना त्याने आपली हकिकत सांगितली आणि १८४३ साली तिचं छोटं पुस्तक झालं. त्याच्या विक्रीचा पैसा गुलामीत राहिलेल्या नातलगांसाठी होता.

त्यानंतर ३० वर्षांनी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. ती अर्पणपत्रिका आपल्याला ठाऊक असते. ज्यांच्या मुक्तीसाठी तो लढा झाला, त्यांचे स्वतःचे शब्द मात्र आपण क्वचितच वाचतो. या जलमार्गाचा खरा इतिहास मला अभियंत्यांच्या अहवालांपेक्षा ग्रँडीच्या हकिकतीत जास्त सापडला. ती आता कॉपीराइटमुक्त आहे आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने इंटरनेटवर विनामूल्य ठेवली आहे. एका बैठकीत वाचून होते. ‘गुलामगिरी’ पुन्हा हातात घ्याल, तेव्हा तीही जरूर वाचा.