घरासाठी एक एकर
(बदलतं हवामान, सावरणारी गावं : लेखांक ५)

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचं पाणी न्यावं लागलं. सप्टेंबर २०२५ मध्ये शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात पुराने उभ्या पिकांसकट शेतातली माती खरवडून नेली. मराठवाड्याला आता दुष्काळ आणि अतिवृष्टी या दोन्हींची तयारी ठेवावी लागते.

इथल्या खरिपाची भिस्त सोयाबीनवर. सगळ्या रानात तेच पीक असलं आणि शेंगा भरताना पावसाने ओढ दिली किंवा काढणीच्या वेळी झोडपून काढलं, की अख्खा हंगाम हातचा जातो. खत-औषधाची उधारी मात्र उरते आणि खायचं धान्यही विकत आणावं लागतं.

यावर एक उत्तर शोधलं ते बायकांनी. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरांच्या दुरुस्तीत गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ झाल्या. त्या कामातून प्रेमा गोपालन यांची ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था उभी राहिली. पुढे दुष्काळी वर्षांत या महिलांनी घरच्यांकडे एक साधी मागणी केली: अर्धा-एक एकर आमच्याकडे द्या, त्यात काय पेरायचं ते आम्ही ठरवू.

त्यांनी आधी घरच्या ताटाचा विचार केला. ज्वारी, तूर, मूग, उडीद, भाजीपाला असं सगळं थोडं थोडं. मूग-उडीद दोन-अडीच महिन्यांत हाती येतात. तुरीचं सोटमूळ खोल जातं, त्यामुळे पावसाचा खंड ती बऱ्यापैकी सोसते. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळतं. गांडूळखत, दशपर्णी अर्क आणि जपून ठेवलेलं बियाणं वापरलं, की दुकानदाराची उधारी कमी होते. एक पीक गेलं तरी दुसरं हाताशी राहतं. जोडीला शेळ्या-कोंबड्या असतातच.

एकटीने हे जमणं कठीण. बचत गटातून अडीनडीला पैसे मिळतात, बियाण्याची देवघेव होते आणि खुरपणी वारंगुळ्याने, म्हणजे आळीपाळीने एकमेकींच्या रानात राबून, उरकता येते. या कामासाठी संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

एका एकराने सावकाराचं कर्ज फिटत नाही, रान वाहून गेलं तर नवी मातीही येत नाही. आणखी एक अडचण कागदावरची आहे. सात-बाऱ्यावर नाव नसेल, तर राबणाऱ्या बाईला पीककर्ज आणि नुकसानभरपाई स्वतःच्या नावाने मिळवणं अवघड जातं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहिमेत बायकोच्या नावे जमीन करून देण्याचं आवाहन केलं होतं. पतीच्या संमतीने पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची शासकीय तरतूदही आहे. गावोगावच्या ग्रामसभांनी त्यासाठी तलाठ्यासोबत शिबिरं घ्यायला हवीत, आणि तीही पुढच्या पेरणीच्या आत.

पुढच्या लेखात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी उभारलेल्या गावरान बियाण्यांच्या बँकेविषयी.